आठवं बाळ

पोसो अमार्गो गावात हायवेला लागून बोहोर्केस भावंडांचं हॉटेल आहे. दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘या, बसा, इथे सगळे एकाच घरचे.’ आत शिरलं की पोरांसाठी उंच खुर्च्या, चित्रं रंगवायला कागद आणि खडू, कुणाचा वाढदिवस असेल तर डोक्यावर चढवायला परातीएवढी टोपी. हिवाळ्यात उत्तरेकडची बर्फाला कंटाळलेली म्हातारी मंडळी चाकांवरची घरं घेऊन या वाळवंटात उतरतात, नातवंडांना घेऊन इथे जेवतात, आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून जातात, की इतकं प्रेमळ कुटुंब आजकाल बघायला मिळत नाही.

हे प्रेमळ कुटुंब नऊ वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोललं नव्हतं.

बहीण ओब्दुलिया, घरात आणि गावात दुली, स्वयंपाकघरात. वय त्रेसष्ट, लग्न केलं नाही, करायला वेळही झाला नाही. भाऊ बाल्तासार तिच्याहून चार वर्षांनी लहान, बायको सोडून गेलेला; तो बाहेर, गल्ल्यावर आणि टेबलांच्या मधल्या वाटांवर. मधे भिंत, भिंतीत थाळ्या सरकवायची खिडकी, आणि त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी असल्यासारखी वावरणारी नोएमी. नोएमी विधवा बाई, वीस वर्षं इथे वाढपाचं काम करत होती. गेली नऊ वर्षं ती आणखी एक काम करत होती आणि ते थाळ्या वाहण्याहून जड होतं.

“त्या टोणग्याला सांग,” दुली आतून म्हणायची, “माझ्या एन्चिलादांवर चीजचा डोंगर मागायला त्याच्या गिऱ्हाइकांना शिकवू नकोस म्हणावं. मिरचीची चव लागायला नको का?”

नोएमी चार पावलं चालायची, तेवढ्यात वाक्य धुऊन पुसून स्वच्छ करायची. दुलीला ती दोन्या म्हणायची, म्हणजे बाईसाहेब. “मालक, दोन्या म्हणतात, चीज जरा बेताने सांगा. तुमच्याच तब्येतीसाठी.”

“महाराणींना सांग,” बाल्तासार म्हणायचा, “सहा नंबरचं टेबल अर्धा तास ताटकळलंय. पोरं खडू खायला लागलीत.”

“दोन्या, मालक म्हणतात, तुमचा हात आज काय सुंदर चाललाय! सहा नंबरला कधी एकदा वाढतो असं झालंय.”

दुलीला नोएमीचं हे धुणं-पुसणं कळत नव्हतं असं नाही. पण ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून ती कानाडोळा करायची. माणसाला नऊ वर्षांत काहीतरी गोड ऐकायला लागतंच.

भांडण कशावरून? आईच्या मयताला. आई गेली तेव्हा दुली तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. रीतीप्रमाणे रात्रभर माणसं येणार, त्यांना खायला घालायला तमाले लागणार. मक्याचं पीठ, त्यात मिरचीत शिजवलेलं मांस, कणसाच्या सालपटात गुंडाळून वाफवलेलं. त्याशिवाय आमच्याकडे कुणी जन्मत नाही आणि मरतही नाही. दुलीने त्या दुपारी डोळे पुसत पुसत दोनशे सालपटं पाण्यात भिजत घातली. आईला निरोप आपल्या हातचा. संध्याकाळी दारात गाडी थांबली. त्या गाडीतून कीका मोंतिखोच्या दुकानातले दोनशे तमाले उतरले. बाल्तासारने मागवले होते. गावात तमाले विकणारी ती एकमेव दुसरी बाई, आणि तिच्या पिठाला आई हयातभर ‘भिंतीचा गिलावा’ म्हणत आली होती.

बाल्तासारला वाटलं, आपण बहिणीचे कष्ट वाचवले. तो आभारांची वाट बघत बसला. दुलीला वाटलं, याने साऱ्या गावासमोर सांगितलं की लेकीच्याने झालं नाही. ती माफीची वाट बघत बसली. दोघंही बोहोर्केस, वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

तर या वर्षी जानेवारी लागला आणि नोएमीने सांगितलं, मी चालले. तूसानला लेकीकडे, नातू झालाय, त्याला सांभाळायला. शेवटचा दिवस दोन फेब्रुवारी.

दुली कांदा चिरत होती, तो चिरत राहिली. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. नोएमी गेली की खिडकीपलीकडून कोण बोलणार? एक तर त्याने तोंड उघडायचं, नाहीतर तिने. आणि नऊ वर्षं जे केलं नाही ते आता करायचं म्हणजे ती नऊ वर्षं फुकट गेली असं कबूल करणं. नाही, बोलायचं तर त्यानेच आधी. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. फार हवं होतं. भावाचा आवाज ती दिवसभर भिंतीपलीकडून ऐकायची. तो परक्यांच्या पोरांशी बोलायचा, त्यांच्या कुत्र्यांशीसुद्धा बोलायचा, आणि तिचा जीव जळायचा.

मग सहा जानेवारी आली आणि दुलीला युक्ती सुचली.

त्या दिवशी हॉटेलात रोस्का कापतात. रोस्का म्हणजे कड्यासारखा मोठा गोड पाव, वर साखरेत मुरवलेली फळं, आणि पोटात बोटाच्या पेराएवढी बाळ येशूची बाहुली. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे. म्हणजे देवाची कृपा तुमच्यावर झाली, आता आठवडाभर पीठ मळा. त्यामुळे आमच्या गावात देवाची कृपा लपवण्याकडे लोकांचा कल असतो. एव्हेलिओ तापिया म्हाताऱ्याने एका वर्षी बाळ गिळलं आणि पुढे तीन दिवस तो ते नाकबूल करत होता. यावर उपाय म्हणून बाल्तासारने दारापाशी फळा लावला. बाळ निघालं की तो खडूने नाव लिहून टाकतो, सगळ्यांच्या देखत.

रोस्का ज्याची त्याने कापायची. पण बाल्तासारला त्या गर्दीत सुरी धरायला सवड मिळत नाही, म्हणून दर वर्षी त्याचा तुकडा आतच कापून ठेवतात. दुलीने रोस्कात सात बाळं भाजली होती. बाल्तासारचा तुकडा कापला, उलटा केला, आणि आठवं बाळ खालून अंगठ्याने आत खुपसलं. वरून काही कळत नव्हतं. तिने क्रूसाची खूण केली, देवाची माफी मागितली आणि बशी नोएमीच्या हातात दिली.

“हा त्याचा.”

हिशेब सोपा होता. बाळ निघालं की बाल्तासारला तमाले द्यावे लागणार. त्याला अंडं उकडता येत नाही. कीकाकडे जायची त्याची आता छाती नाही. मग राहिलं कोण? त्याला या खिडकीशी यावं लागणार आणि म्हणावं लागणार, दुली, करून देशील का? ती जरा आढेवेढे घेणार. फार नाही.

ती खिडकीतून बघत राहिली. बाल्तासारने बशी घेतली. तेवढ्यात एका टोळीने तिच्यासमोर उभं राहून वाढदिवसाचं गाणं सुरू केलं. टोळी हलली तेव्हा बशी रिकामी होती आणि बाल्तासार मिशीवरून हात फिरवत होता. फळ्यावर सात नावं चढली. आठवं चढलं नाही.

“लपवलं!” दुली स्वतःशीच म्हणाली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याने फळा लावला तोच बाळ चोरतो! आणि गंमत अशी, की तिला ओरडता येत नव्हतं. ओरडली तर बोलावं लागणार. आणि बोलली तर सांगावं लागणार, की बाळ होतं हे तिला कसं माहीत.

तो महिना दुलीने रागात काढला. तरी रोज सकाळी वाटायचं, आज येईल. देवाला फसवून माणूस किती दिवस झोपणार? बाल्तासार खिडकीशी यायचा, ऑर्डरची चिठ्ठी लावायचा, जायचा. उलट शेवटच्या आठवड्यात त्याचा चेहरा जास्तच गंभीर दिसायला लागला, आणि एकदा त्याच्या बाहीला पीठ लागलेलं दिसलं. ते दुलीने पाहिलं आणि सोडून दिलं. हॉटेलवाल्याच्या बाहीला पीठ नाही तर काय अत्तर लागणार?

त्याच आठवड्यात नोएमीला शिकायची हुक्की आली. “दोन्या, लेक म्हणते, तुमचे तमाले लिहून आण. आम्ही पडलो ओआहाकाच्या बाजूचे, आम्ही केळीच्या पानात बांधतो.”

“केळीच्या पानात!” दुली म्हणाली. एवढ्यावर ती पाच मिनिटं बोलू शकली असती, पण जाणाऱ्या बाईला काय बोलायचं. “लिही. चरबी आधी एकटी फेटायची, पांढरी होईपर्यंत. मग पीठ. गोळी करून पाण्यात टाकायची; तरंगली तर झालं, बुडाली तर फेट आणखी.”

“आणि मिरच्या?”

“तव्यावर टाकल्या की एक श्वास घ्यायचा आणि उलटायच्या. दुसरा श्वास घेतलास की कडू झाल्या. आणि प्रत्येकात एक ऑलिव्ह, बियांसकट. आई म्हणायची, पाहुण्याने जरा सांभाळून खावं.”

नोएमी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. “आमची गोळी बुडते, दोन्या.”

“आमची म्हणजे?”

“लेकीची. फोनवर सांगत होती.”

“फेट म्हणावं! हात दुखला की समजायचं अर्धं झालं.”

दोन फेब्रुवारीला दुपारी टेबलं जोडून एकच लांब पंगत केली. सात नावांचे सात हंडे आले. नोएमीच्या निरोपासाठी कुणी फुगे आणले होते, त्यातले दोन गरम हंड्यांना लागून फुटले. साडेतीन वाजता बाल्तासार बाहेर गेला आणि गाडीतून एक मोठा हंडा दोन्ही हातांनी धरून आत घेऊन आला.

दुलीने खिडकीतून ते पाहिलं. कीकाचे! पुन्हा कीकाचे! तिच्या डोळ्यांपुढे ती आईच्या दारातली गाडी उभी राहिली. म्हणजे ज्या दिवशी नोएमी चालली, ज्या दिवसासाठी महिनाभर श्वास रोखून धरला, त्या दिवशी याने हे करावं! तिने एप्रन सोडायला गाठीला हात घातला. आता इथून निघायचं, परत यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

नोएमी बशी घेऊन आत आली. “मालकांनी दिलाय.”

बशीत एक तमाल होता. दुलीने तो बघितला आणि तिचा हात गाठीवरच राहिला. कीका काहीही असो, तिच्या तमाल्यांना रूप असतं. हा एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, आणि मधे दोऱ्याने असा करकचून बांधलेला, की जखमी अंगठा वाटावा. दुलीने दोरा सोडला, साल उलगडलं आणि तोंडात घास घातला.

मिरची एक श्वास भाजलेली होती. पीठ हलकं होतं, तरंगणाऱ्या गोळीचं होतं. दाताखाली ऑलिव्ह आलं, बियांसकट. आणि मीठ नव्हतं. कणभरही नाही.

“हे कुणी केले?” तिने विचारलं.

नोएमी फरशीकडे बघायला लागली. “आठवडाभर रोज पहाटे करताहेत. तीनदा टाकून दिले.”

दुलीला रडू यायला हवं होतं. आला राग. महिनाभराचा साठवलेला राग, तो असा एका घासाने थोडाच जाणार! ती बशी घेऊन दार ढकलून बाहेर आली. नऊ वर्षांत ती गिऱ्हाइकांच्या खोलीत आली नव्हती. तिला बघून पंगतीतल्या सगळ्या माना वळल्या.

“महिनाभर बाळ खिशात घालून हिंडलास!” ती म्हणाली. “साऱ्या गावाची नावं फळ्यावर लिहितोस, स्वतःचं लिहायला खडू संपला होता का?”

एव्हेलिओ तापिया जरा बहिरा आहे. “काय म्हणाली?” त्याने मोठ्याने विचारलं.

बाल्तासारने सवयीने नोएमीकडे पाहिलं. “नोएमी, तिला विचार, कुठलं बाळ?”

नोएमीने एप्रन काढून त्याची शांतपणे घडी घातली. “चार वाजले, मालक. माझी ड्युटी संपली. तुमचं तुम्ही विचारा.” आणि ती पंगतीत, दोन पोरांच्या मधे, पाहुणीसारखी जाऊन बसली.

बाल्तासारने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मदतीला येण्याजोगं कुणी उरलं नव्हतं.

“कुठलं बाळ, दुली?”

या हाकेसाठी ती नऊ वर्षं थांबली होती. पण आता तिला थांबून ती हाक ऐकायलाही सवड नव्हती.

“तुझ्या तुकड्यातलं!”

“माझ्या तुकड्यात बाळ होतं?”

“होतं म्हणजे काय! मी माझ्या हाताने...”

ती थांबली, पण उशीर झाला होता. पंगतीत कुणीतरी फसकन हसलं. एव्हेलिओ तापियाला बरोबर एवढंच ऐकू आलं. “घातलं! हिने मुद्दाम घातलं!” तो टेबलावर थापा मारत ओरडला. “आणि मला लबाड म्हणता!”

दुलीचा चेहरा मिरचीसारखा झाला. तेव्हा नोएमी जागेवरून उठली. “दोन्या, तो तुकडा मी खाल्ला. बाळ मला लागलं. माझी भांडी सगळी खोक्यांत बांधलेली, कशात करू तमाले? म्हणून लपवलं. मग झोप लागेना, म्हणून मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तुकडा माझा होता, तर बाळही माझंच.”

“तू का खाल्लास त्याचा तुकडा?”

“त्यांना साखर आहे, दोन्या. तीन वर्षं झाली. गोड बंद आहे.”

तीन वर्षं. दुली दर रविवारी स्वतःच्या हाताने एक वाटी फ्लान, दूध-अंड्यांचा तो गोड खरवस, त्याच्यासाठी वेगळा ठेवायची. वाया जाऊ नये म्हणून, असं नोएमीला सांगायची. वाटी चाटूनपुसून परत यायची आणि दुलीचा रविवार त्यावर जायचा. तिने नोएमीच्या वाढलेल्या कमरेकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“कोण सांगणार?” बाल्तासार म्हणाला. “तू माझ्याशी बोलत नव्हतीस.”

“तू माझ्याशी बोलत नव्हतास!”

यावर पंगतीत टाळ्या पडल्या, कारण गावाला दोन्ही बाजू पटत होत्या. दुली गर्रकन वळली आणि आत गेली. दार तिच्यामागे हललं आणि थांबलं. मग पुन्हा हललं. बाल्तासार आत आला होता. तो चुलीपाशी उभा राहिला. कुठे उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं, कारण भांडी नऊ वर्षांत जागा बदलून बसली होती.

“कीकाकडून आणता आले असते,” तो म्हणाला. “सोपं होतं. पण मग तू आणखी नऊ वर्षं गप्प बसली असतीस. आणि माझ्याकडे तेवढी आहेत असं डॉक्टर म्हणत नाही.”

दुली ओट्याला टेकली. “त्या दिवशी मी सालपटं भिजत घातली होती.”

“मला माहीत नव्हतं. तू तीन दिवस झोपली नव्हतीस, एवढंच मला दिसत होतं.”

“विचारायचंस.”

“हो,” तो म्हणाला. “विचारायला हवं होतं.”

नऊ वर्षं तिने या वाक्यावर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. लांबलचक होतं, आणि त्यात आई, कीका आणि त्याची बायको सोडून गेली ते सगळं येत होतं. त्यातलं तिला काही आठवेना. बाल्तासारने तिच्या बशीतला उरलेला तमाल उचलला, घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

“याला काहीतरी कमी आहे.”

“मीठ.”

“मीठ तू लिहायला सांगितलं नव्हतंस.”

“मीठ कुणी लिहून देतं का? जो करतो त्याला कळतं.”

“मला नाही कळत, दुली. कसं घालतात ते सांग.”

बाहेरून कुणीतरी पाणी मागत होतं. वाढायला कुणीच नव्हतं, आणि सगळे एकाच घरचे असूनही कुणी उठत नव्हतं. दुलीने हात पुसले, पिठाची परात पुढे ओढली आणि त्याला म्हणाली, “बाही वर कर आधी.”